विशेषणांची नजर

इंग्रजीतून मराठीत काही आणायचे म्हटले की नामे आणि क्रियापदे यांच्यापेक्षा विशेषणे जास्त त्रास देतात. नामाला वस्तूचा आधार असतो, क्रियापदाला कृतीचा. विशेषणाला आधार असतो तो बोलणाऱ्याच्या नजरेचा, आणि नजर शब्दकोशात सापडत नाही. स्ट्रेंज, ऑड, क्वीअर, पिक्युलिअर, क्वेंट, बिझार, विअर्ड, आउटलँडिश, एक्सेंट्रिक असे शब्द एकामागून एक घेऊन हाताशी असलेला इंग्रजी-मराठी कोश उघडावा, तर बहुतेक ठिकाणी 'विचित्र', 'चमत्कारिक' आणि फार तर 'विलक्षण' हेच शब्द आलटूनपालटून भेटतात. जुन्या वस्तूंच्या विशेषणांचेही तेच. अँटीक, आर्केइक, ऑब्सोलीट, ओल्ड-फॅशन्ड, व्हिंटेज या सगळ्यांची बोळवण 'जुना', 'प्राचीन' आणि 'कालबाह्य' यांवर होते. अर्थ अगदीच चुकतो असे नाही. पण मूळ वाक्यात त्या शब्दाने जे काम केलेले असते, ते मराठी वाक्यात होत नाही.

हा प्रश्न केवळ भाषांतरकाराचा असता, तर त्यासाठी वार्षिकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. परंतु अपरिचित गोष्टीला आणि जुन्या गोष्टीला आपण कोणते विशेषण लावतो, यावरून आपण तिच्यापासून किती अंतरावर आणि किती उंचीवर उभे आहोत हे ठरते. मराठी मुस्लिम लेखकाचा या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. तो स्वतः अशी विशेषणे वापरतो, आणि त्याच्या लेखनालाही ती लावली जातात. म्हणून इंग्रजीतील या शब्दांच्या छटा आपण थोड्या सावकाशीने पाहाव्यात असे आम्हाला वाटते.

ओळखीचे आणि अनोळखी

सुरुवात 'क्वेंट' या शब्दापासून करू. कारण या घराण्यातला हा सर्वात गोड आणि म्हणूनच सर्वात फसवा शब्द आहे. आज इंग्रजीत एखादे खेडे, एखादी चालीरीत, एखादी टोपी क्वेंट आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्यात तीन गोष्टी एकत्र असतात. ती गोष्ट नेहमीची नाही, ती जुन्या वळणाची आहे, आणि ती पाहून बोलणाऱ्याला गंमत वाटते आहे. यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची. क्वेंट वस्तूची भीती वाटत नाही. तिच्याशी वाद घालावासा वाटत नाही. ती आपले काही बिघडवू शकत नाही, याची खात्री पटल्यावरच तिला क्वेंट म्हटले जाते. ज्या किल्ल्यावरून तोफा सुटत आहेत तो किल्ला कोणालाही क्वेंट वाटत नाही. तोफा गंजल्या, त्यांवर मुले बसून फोटो काढू लागली, की तो क्वेंट होतो.

या शब्दाची व्युत्पत्ती मोठी बोलकी आहे. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'जाणलेला, ओळखीचा' या अर्थाचा शब्द आहे. ओळख करून देणे या अर्थाचे 'अ‍ॅक्वेंट' हे क्रियापद त्याच धातूतून निघालेले. मध्ययुगीन इंग्रजीत क्वेंट म्हणजे हुशार, कसबी, धूर्त, कौशल्याने घडवलेला. पुढे कौशल्याचा अर्थ नटवेपणाकडे झुकला, नटवेपणातून वेगळेपणा आला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस आजचा 'जुन्या वळणाचा, गमतीदार' हा अर्थ रुळू लागला. ओळखीपासून निघालेला शब्द अनोळखीपणाच्या गावी जाऊन पोहोचला.

याच्या अगदी उलट्या दिशेचा सोबती म्हणजे 'अनकूथ'. जुन्या इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ 'अनोळखी' एवढाच होता. आज त्याचा अर्थ गावंढळ, असंस्कृत, वागण्याची रीत नसलेला असा होतो. म्हणजे 'मी याला ओळखत नाही' हे बोलणाऱ्याविषयीचे विधान हळूहळू 'याला काही कळत नाही' असे समोरच्याविषयीचे विधान बनले. पाहणाऱ्याचे अज्ञान पाहिल्या जाणाऱ्याच्या खाती जमा झाले. विशेषणांच्या जगात असा व्यवहार वरचेवर घडतो आणि त्याची पावती कोणी मागत नाही.

तिसरा शब्द 'अनकॅनी'. त्याच्याही मुळाशी 'जाणणे' आहे. स्कॉटलंडकडून आलेल्या या शब्दात अंगावर काटा आणणारी अनोळखी छटा आहे. फ्रॉइडने १९१९ साली लिहिलेला या विषयावरचा जर्मन निबंध इंग्रजीत याच नावाने ओळखला जातो. जर्मन शब्दाच्या मुळाशी मात्र जाणण्याऐवजी 'घर' आहे, म्हणजे घरचे असून घरचे न वाटणारे. 'विअर्ड'चे मूळ नियतीत आहे. शेक्सपिअरने 'मॅकबेथ'मधील चेटकिणींना हे विशेषण दिले तेव्हा त्यांच्या हाती माणसाचे भविष्य आहे हा अर्थ त्यात जिवंत होता. आज कॉलेजातला मुलगा मित्राच्या शर्टाला विअर्ड म्हणतो. नियतीचा शब्द शर्टापर्यंत उतरला. क्वेंट, अनकूथ, अनकॅनी या तिन्हींत अनोळखीपणाच आहे. पण पहिल्यात पाहणारा हसतो, दुसऱ्यात नाक मुरडतो आणि तिसऱ्यात दचकतो. मराठीत तिन्ही ठिकाणी 'विचित्र' लिहिले, तर हसणे, नाक मुरडणे आणि दचकणे हे सगळे गळून पडते.

आतले आणि बाहेरचे

दुसरे घराणे 'बाहेर' या कल्पनेवर उभे आहे. 'स्ट्रेंज' हा लॅटिनमधील 'बाहेरचा' या अर्थाच्या शब्दातून आला. 'आउटलँडिश' म्हणजे मुळात परदेशी. आज त्याचा अर्थ भलताच, अतर्क्य, डोळ्यांत खुपणारा असा होतो. 'एक्झॉटिक'च्या मुळाशीही ग्रीकमधील 'बाहेर'च आहे, पण त्याचे नशीब उजळले. आउटलँडिश कपडे पाहून लोक हसतात, एक्झॉटिक कपडे दुकानात महाग विकले जातात. दोन्ही कपडे परकेच. पण एक्झॉटिकमध्ये दूर असलेल्या गोष्टीची ओढ आहे, आणि ती गोष्ट दूरच राहावी अशी अटही आहे. वनस्पतिशास्त्रात हा शब्द अजून सरळ अर्थाने, परप्रांतीय प्रजातींसाठी वापरतात. माणसांना लावला की तो सरळ राहत नाही.

आपल्या वाचकांना इथे एक अरबी शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. सूर्य मावळण्याच्या, दूर जाण्याच्या ज्या धातूवरून मगरिब हा शब्द आला, त्याच धातूवरून 'गरीब' आला. अरबीत गरीब म्हणजे परका, घरापासून दूर असलेला, आणि म्हणून अनोखा, दुर्मीळ. फारसी-उर्दूच्या वाटेने तो मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ निर्धन झाला. परमुलखातल्या माणसाला ना गोत ना आधार, म्हणून परका तो निर्धन. मराठीने आणखी एक पाऊल पुढे टाकून त्याला 'गरीब गाय' केले, म्हणजे मुकाट सोसणारा. लॅटिनच्या 'बाहेरच्या'चा इंग्रजीत 'विचित्र' झाला, अरबीच्या 'बाहेरच्या'चा मराठीत 'बिचारा' झाला. परक्या माणसाकडे पाहून एका समाजाला काय वाटले आणि दुसऱ्याला काय वाटले, याची नोंद या दोन शब्दांत आहे.

'एक्सेंट्रिक'ची गोष्ट याहून वेगळी. हा मूळचा खगोलशास्त्रातला शब्द. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळत नाही, ते वर्तुळ एक्सेंट्रिक. टॉलेमीच्या ग्रहगणितात त्याला मोठे स्थान होते, आणि अरबी ज्योतिर्विदांनी त्यासाठी 'खारिज-अल-मरकज' अशी संज्ञा वापरली. मरकज आणि खारिज हे दोन्ही शब्द ज्यांच्या कानावरून गेले आहेत, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. पुढे इंग्रजीत हा शब्द माणसांना लागला आणि त्यात एक सामाजिक सोय झाली. मोठ्या हवेलीत राहणारा उमराव चार डझन कुत्री पाळतो, उलटी टोपी घालतो, तेव्हा तो एक्सेंट्रिक. त्याचाच माळी तसे करील तर तो वेडा. एडिथ सिट्वेलने १९३३ साली अशा इंग्रज वल्लींवर एक सबंध पुस्तक लिहिले. मराठीतील 'विक्षिप्त' आणि 'तऱ्हेवाईक' हे शब्द याच्या जवळ जातात. पण एक्सेंट्रिकमध्ये जी कौतुकाची सवलत आहे ती 'तऱ्हेवाईक'मध्ये थोडी आणि 'विक्षिप्त'मध्ये नाहीच.

'पिक्युलिअर'च्या मुळाशी खासगी मालमत्ता आहे, आणि त्याही मागे गुरेढोरे आहेत, कारण एके काळी तीच मालमत्ता होती. जे दुसऱ्या कोणाचे नाही, फक्त एकाचेच आहे, ते पिक्युलिअर. बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात ईश्वराच्या निवडलेल्या लोकांना हे विशेषण लावलेले आहे आणि तिथे त्याचा अर्थ 'स्वतःचे, खास' असा आहे. आजच्या वाचकाला ते लोक विचित्र होते असे वाटले तर नवल नाही. अरबीतील 'खास' हा शब्द जवळपास याच जागेवरून निघाला. मराठीत त्याचे 'खासगी' झाले आणि 'खास' ही शाबासकी झाली. एकट्याचे जे आहे ते इंग्रजीत संशयास्पद ठरले आणि आपल्याकडे कौतुकास्पद, हा फरक भाषांतर करताना ध्यानात ठेवावा लागतो.

'ऑड'चे मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे. त्रिकोणाचे टोक, आणि त्यावरून जोडी लागल्यावर उरलेला तिसरा. एकी-बेकीतली एकी. जोडीदार नसलेला मोजा ऑड, आणि समारंभात कोणाशीच न जुळणारा माणूसही ऑड. या शब्दात द्वेष नाही, नुसते न जुळणे आहे. 'क्वीअर' सोळाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमध्ये दिसू लागला. व्हिक्टोरियन कादंबऱ्यांत तो पानोपानी 'चमत्कारिक' या अर्थाने येतो. पुढे विसाव्या शतकात समलिंगी माणसांना हिणवण्यासाठी तो वापरला गेला, आणि ज्यांना हिणवले त्यांनीच तो हिसकावून घेतला. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली स्थापन झालेल्या एका संघटनेने तर तो आपल्या नावातच घातला. त्याच दशकात तो विद्यापीठांत अभ्यासशाखेचे नाव झाला. आता एकोणिसाव्या शतकातील कादंबरी वाचणाऱ्याने आणि आजचे वर्तमानपत्र वाचणाऱ्याने या शब्दाचा एकच अर्थ घेतला, तर दोघांपैकी एक जण निश्चित फसेल. विशेषण हे ज्याला लावले आहे त्याच्याही मालकीचे होऊ शकते, हे या शब्दाने दाखवून दिले.

जुने म्हणजे किती जुने

आता काळाकडे वळू. इंग्रजीत जुन्या वस्तूचे मोल तिच्या वयावर ठरत नाही, तिला कोणते विशेषण मिळाले यावर ठरते. 'ओल्ड-फॅशन्ड' म्हणजे जुन्या वळणाचे, पण अजून वापरात असलेले. ते आवडीनेही म्हणता येते आणि नावडीनेही. 'ऑब्सोलीट' म्हणजे वापरातून गेलेले, ज्याची जागा दुसऱ्याने घेतली आहे. यात भावना नाही, हिशेब आहे. 'आर्केइक'च्या मुळाशी 'आरंभ' आहे. जे वापरातून गेले आहे पण मुद्दाम, परिणामासाठी अजून वापरले जाते ते आर्केइक. कोशकारांनी हा भेद फार काटेकोरपणे पाळला. ऑक्सफर्डचा महाकोश १८८४ पासून खंडशः निघू लागला आणि १९२८ साली पुरा झाला. त्यात मेलेल्या शब्दापुढे खंजिराची खूण असते. आर्केइक शब्दापुढे ती खूण नसते, कारण तो मेलेला नाही, फक्त घरातून बाहेर पडत नाही.

'अँटीक' म्हणजे जुने आणि म्हणून मौल्यवान. गंमत अशी की माकडचेष्टा या अर्थाचा 'अँटिक' हाही त्याचाच सख्खा भाऊ. रोममध्ये जमिनीखाली दबलेल्या नीरोच्या महालातील दालने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सापडली. तिथल्या भिंतींवर अर्धे प्राणी, अर्ध्या वेली अशी चित्रे होती. दालने गुहेसारखी, म्हणून ती चित्रे 'ग्रोटेस्क' आणि पुरातन म्हणून 'अँटिक'. एकाच उत्खननातून विद्रूपतेचा, विदूषकीचा असे दोन शब्द निघाले, आणि पुरातनाला लावायचा शब्द मात्र प्रतिष्ठित राहिला.

'व्हिंटेज'चे मूळ द्राक्षांच्या हंगामात आहे. अमुक साली उतरलेले पीक, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ज्या काळात एखादी गोष्ट उत्तम बनत होती त्या काळातली ती, असा अर्थ झाला. मोटारींच्या बाबतीत १९३४ साली स्थापन झालेल्या इंग्लंडमधील व्हिंटेज मोटारींच्या क्लबाने १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या अशी रेघच मारून दिली. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याने वस्तूला १०० वर्षांची आणि महत्त्वाच्या हस्तलिखिताला ७५ वर्षांची अट घातली. कायद्याला अशी रेघ मारावीच लागते, बाजाराला लागत नाही. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, एकाच जातीचा ग्रामोफोन वजनावर गेला तर भंगार, पुसूनपासून काचेआड ठेवला तर अँटीक. वस्तू तीच, फक्त तिचे विशेषण बदललेले असते. 'जुनं ते सोनं' ही आपली म्हण किती सशर्त आहे, हे तिथल्या दुकानदाराइतके कोणाला ठाऊक नसेल.

अलिफ लैलाचे तीन पोशाख

हे सगळे शब्दकोशातले झाले. एखादा सबंध ग्रंथ विशेषणाच्या नजरेने कसा बदलतो, हे पाहायचे तर 'अलिफ लैला'च्या इंग्रजी भाषांतरांकडे वळावे. एडवर्ड लेन कैरोत राहिलेला, अरबी उत्तम जाणणारा. त्याचे भाषांतर १८३८ पासून निघू लागले. त्याने अडचणीचा मजकूर गाळला, भाषा गंभीर आणि बायबलच्या वळणाची ठेवली, आणि चालीरीतींवर भरघोस टिपा दिल्या. त्याच्या हातून गोष्टींचे पुस्तक हे 'क्युरिअस' लोकांच्या वर्णनाचे पुस्तक झाले. क्युरिअस या शब्दातच मुळी दोन्ही टोके आहेत. जिज्ञासू माणूसही क्युरिअस आणि जिज्ञासा चाळवणारी वस्तूही क्युरिअस. लेनच्या वाचकाने पहिली खुर्ची घेतली आणि कैरोच्या माणसाला दुसरी दिली.

रिचर्ड बर्टन १८४२ साली मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाला. इथल्या अनेक भाषा तो शिकला. त्याचे भाषांतर १८८५ साली दहा खंडांत आले. पुस्तकावर छपाईचे ठिकाण म्हणून बनारस घातले होते, प्रत्यक्षात ते इंग्लंडातच छापले गेले. कायद्याच्या कटकटीतून सुटण्याचा हेतू त्यात होताच, पण बनारस हे नाव स्वतःच त्या काळच्या इंग्रज ग्राहकाला एक्झॉटिक वाटणारे होते. बर्टनने काही गाळले नाही. मात्र त्याने इंग्रजी अशी वापरली की जी कोणत्याच काळात कोणी बोलले नव्हते. मेलेले शब्द उठवले, नवे घडवले, अरबी वाक्प्रचार शब्दशः ठेवले, यमकबद्ध गद्याला यमके जोडली. परिणाम असा झाला की बगदादचा हमाल तोंड उघडतो तेव्हा तो शेक्सपिअरपूर्व काळातल्या जत्रेतून आल्यासारखा वाटतो.

आता प्रश्न असा की मूळ अरबी ऐकणाऱ्याला तो हमाल तसा वाटत होता काय? नाही. त्या कथांचे अरबी बोलीच्या जवळचे, बाजारात आणि कहव्याच्या दुकानात कळणारे आहे. ते ऐकणाऱ्याला जिन्न अजब वाटत असे, हमाल अजब वाटत नसे. हमाल शेजारचाच होता. बर्टनच्या इंग्रजीत मात्र जिन्न आणि हमाल एकाच मापाचे अजब झाले. बर्टनची मेहनत अफाट होती आणि त्याच्या विद्वत्तेबद्दल वाद नाही. परंतु दुसऱ्याच्या रोजच्या बोलण्याला आर्केइक पोशाख चढवला की तो माणूस आपला समकालीन राहत नाही, हे त्याच्या ग्रंथाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

पुढे १९८४ साली मुहसिन महदी यांनी जुन्या सीरियन हस्तलिखिताच्या आधारे अरबी संहिता संपादित केली आणि बगदादमध्ये वाढलेल्या हुसेन हद्दावी यांनी तिचे १९९० साली साध्या, आजच्या इंग्रजीत भाषांतर केले. ज्याने या गोष्टी लहानपणी घरात ऐकल्या, त्याला त्या क्वेंट करण्याची गरज वाटली नाही. त्यात हमाल हमालासारखा बोलतो, आणि म्हणूनच जिन्न आला की खरोखर दचकायला होते. सगळेच विचित्र असेल तर काहीच विचित्र राहत नाही.

यावरून जुनी भाषा सर्वत्र वर्ज्यच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक म्हणून मुंबईत राहिलेले मार्माड्यूक पिक्थॉल यांनी कुरआनचा इंग्रजी अर्थानुवाद १९३० साली प्रसिद्ध केला. त्यांनी आणि पाठोपाठ अब्दुल्ला यूसुफ अली यांनी बायबलच्या वळणाची जुनी इंग्रजी सर्वनामे वापरली. त्यामागे भारदस्तपणाची ओढ असेल, पण एक व्याकरणी लाभही आहे. अरबीत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत. आधुनिक इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. जुन्या सर्वनामांमुळे संबोधन एकाला आहे की अनेकांना, हे कळते. इथे आर्केइक भाषा वाचकाला अर्थाजवळ नेते. बर्टनच्या हमालाच्या तोंडी ती माणसापासून दूर नेते. पुढे २००४ साली अब्दुल हलीम यांनी आजच्या इंग्रजीत अर्थानुवाद केला. त्याचे फायदे वेगळे आहेत. जुना शब्द वाचकाला जवळ नेतो की दूर, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते.

गरीब शब्दांचे कोश

अपरिचिताकडे पाहण्याची एक निराळी रीत अरबी विद्यापरंपरेत आहे आणि या चर्चेत तिचा उल्लेख होत नाही याचे आम्हाला आश्चर्य वाटते. हिजरी सनाच्या पहिल्या दोन-अडीच शतकांतच इस्लामी जगाचा विस्तार एवढा झाला की हदीसमधील अनेक शब्द नव्या वाचकांना कळेनासे झाले. अशा शब्दांना विद्वानांनी 'गरीब' म्हटले आणि त्यांचे स्वतंत्र कोश रचले. हिजरी २२४, म्हणजे इसवी सन ८३८ च्या सुमारास वारलेल्या अबू उबैद यांचा 'गरीबुल हदीस' हा त्यातला एक पायाभूत ग्रंथ. पुढे रागिब इस्फहानी यांनी कुरआनातील अशा शब्दांवर लिहिले.

या परंपरेत गरीब म्हटल्याने शब्दाचा दर्जा उतरत नाही. तो हसण्याचा विषय होत नाही. शब्द गरीब आहे, म्हणजे आपण त्याच्यापासून दूर गेलो आहोत. तेव्हा उठून त्याच्याकडे जाणे हे आपले काम, अशी ती धारणा आहे. तेराव्या शतकातील जकरिया कजवीनी यांनी सृष्टीतील अजब आणि गरीब गोष्टींवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या दोन शब्दांतला भेदही सांगितला. कारण न कळल्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात उडणारा गोंधळ तो अजब. क्वचित घडणारी, नेहमीच्या रीतीबाहेरची गोष्ट ती गरीब. म्हणजे एक शब्द पाहणाऱ्याविषयी, दुसरा वस्तूविषयी. जो भेद 'अनकूथ'ने पुसून टाकला, तो कजवीनींनी दोन शब्दांत जपून ठेवला. आपण मराठीत 'अजब' घेतला आणि 'गरीब'ही घेतला, पण हा भेद मात्र वाटेतच राहिला.

आपल्या परीक्षणांतील विशेषणे

आता आपल्या अंगणात येऊ. मराठीत क्वेंटला नेमका प्रतिशब्द नाही. पण प्रतिशब्द नाही म्हणून ती नजर नाही असे समजण्याचे कारण नाही. मुस्लिम लेखकाच्या कथासंग्रहावरचे परीक्षण उघडावे. 'आगळेवेगळे विश्व', 'अनोखे भावविश्व', 'अपरिचित जगाचे दर्शन', 'बोलीचा वेगळाच गोडवा' असे शब्दप्रयोग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ते बहुतेक वेळा सद्भावनेने लिहिलेले असतात, याविषयी आम्हाला शंका नाही. पण विचारायचे ते एवढेच, की हे जग कोणाला अपरिचित? ज्या गल्लीत ते परीक्षण लिहिले गेले, तिच्या पुढच्याच गल्लीत ही माणसे तीनचारशे वर्षे राहत आहेत. सातबाऱ्यावर त्यांची नावे आहेत, आणि तहसील, दाखला, जमीन हे परीक्षकाच्या रोजच्या तोंडातले शब्द त्यांच्याच वाटेने मराठीत आले आहेत. अपरिचय परीक्षकाचा आणि विशेषण पुस्तकाला, हा 'अनकूथ'चाच व्यवहार झाला. 'वेगळे' म्हटल्यावर कथेची रचना, पात्रांची संगती, शेवटाचा जोर यांची चर्चा करावी लागत नाही, हाही त्यातला एक सोयीचा भाग. क्वेंट गोष्टीशी कोणी वाद घालत नाही, हे आपण वर पाहिलेच. ज्या पुस्तकाशी वाद घातला जात नाही, ते पुस्तक गांभीर्याने वाचलेच गेलेले नसते.

हमीद दलवाईंच्या 'इंधन' या कादंबरीचे (१९६५) उदाहरण इथे उपयोगी पडेल. दलवाईंच्या इतर विचारांबद्दल आपल्या वाचकांत टोकाचे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण कोकणातल्या गावाचे चित्र काढताना तिथला मुसलमान हा वाचकाला दाखवण्याची चीज आहे, असा पवित्रा त्या कादंबरीत नाही. गाव आहे, भांडण आहे, माणसे आहेत. ही कादंबरी वाचताना मत द्यावे लागते, 'गोडवा' म्हणून सुटता येत नाही.

दोष मात्र केवळ परीक्षकांचा नाही. मराठी नाटका-सिनेमात दखनी बोलणारे पात्र हसवण्यासाठीच येते, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे करत आलो. मग आपल्याच कथांत दादीमा, फुफी, मोहल्ल्यातला चाचा यांच्या तोंडी दखनी घालताना आपण काय करतो? घरातल्या गंभीर बोलण्याला प्रमाण मराठी आणि विनोदाला, भाबडेपणाला दखनी, अशी वाटणी आपल्याही अनेक कथांत दिसते. इद, निकाह, कंदुरी यांची वर्णने आपण कधी कधी अशी करतो, जणू वाचकाला पाहुणा म्हणून फिरवून आणतो आहोत. घरच्या पानदानाला आपणच काचेआड ठेवून 'अँटीक'ची चिठ्ठी लावतो. परक्याने क्वेंट म्हटले तर राग येतो, आणि आपण स्वतः क्वेंट होऊन दाखवले तर टाळ्या मिळतात. या टाळ्यांचा मोह टाळणे ही समीक्षेइतकीच निर्मितीचीही गरज आहे.

यावर उपाय म्हणजे कठीण शब्दांना मज्जाव, असेही नाही. दादीमाचा शब्द जसा आहे तसा यावा. वाचकाला तो अडला तर अडू द्यावा, संदर्भातून उलगडू द्यावा. अबू उबैदच्या वाचकाप्रमाणे मराठी वाचकानेही चार पावले चालून यावे, एवढी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे. ग्रामीण आणि दलित साहित्याने ती अपेक्षा ठेवली आणि मराठी वाचक चालून आला, हा फार जुना इतिहास नव्हे.

विशेषण लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी, असे आम्ही सुचवू. हा शब्द वस्तूविषयी काही सांगतो, की माझ्या अपरिचयाविषयी? हा शब्द ज्याला लावतो आहे तो शेजारी बसला असता, तर तोंडावर हाच शब्द वापरला असता काय? आणि हा शब्द काढून टाकला, तर त्या जागी मला एखादी वस्तू, एखादी कृती, एखादे वाक्य लिहिता येईल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'हो' असेच येते, आणि मग 'अनोखे' खोडून तिथे काय लिहायचे, हे लेखकाला आपोआप कळते.

इंग्रजीतील ही विशेषणे मराठीत आणताना प्रत्येकीसाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. कुठे 'जुन्या वळणाचा', कुठे 'एकलकोंडा', कुठे 'भलताच', कुठे 'मोडीत निघालेला', कुठे 'हसू येईल असा साधा' अशी आपल्या बोलण्यातली साधी वळणे पुरतात. फक्त मूळ लेखक हसतो आहे, घाबरतो आहे की नाक मुरडतो आहे, हे आधी पाहावे लागते. आणि तो ज्याला हसतो आहे ते आपणच असलो, तर ते हसू मराठीत जसेच्या तसे उतरवावे. झाकू नये. त्याने आपल्याला कसे पाहिले, हेही वाचकाला कळले पाहिजे.